किलोभर

हेल्दुर म्हणाला, टोक पोरीच्या हातात द्या.
मी अकरा वर्षांची,
लोकरीचे मोजे घोट्यापर्यंत घसरलेले,
आणि मनोऱ्याच्या खिडकीबाहेर काढलेली घंटा
तीनशे किलोंची, ओठाशी तडकलेली,
आभाळात नुसतीच उभी.

घंटेपासून दोर वर, कप्पीवर,
कप्पीवरून खाली चर्चच्या अंगणात,
घोडे बांधायच्या ओकच्या खांबाला तीन वेढे,
मग माझी मूठ.
सारेमा बेटावरचा तो एप्रिल,
समुद्राकडून जुनिपरचा कडवट वास,
आणि पाद्रीबुवा डोळे मिटून; प्रार्थनेत की भीतीनं, कळेना.

ओढू नकोस, हेल्दुर म्हणाला.
सोडूही नकोस.
या दोन्हींच्या मधे जे काही असतं, ते कर.

त्याचा मुलगा तावेत, ताल्लिनचा इंजिनियर,
त्यानं आदल्या दिवशी दगडी भिंतीवर खडूनं मांडून दाखवलं होतं:
एक वेढा म्हणजे साडेसहा पट.
दुसरा आला की तेरा नाही, त्रेचाळीस.
तिसऱ्याला पावणेतीनशेच्या पुढे.
बेरीज विसर, म्हणाला, इथे गुणाकाराचं राज्य आहे.
आणि खांब जाड की किडकिडीत
याची दोराला फिकीर नसते;
आपण किती फिरलो, एवढंच तो धरतो.
म्हणजे माझ्या वाट्याला उरलं किलोभर.
बटाट्यांची लहान पिशवी.

मी मूठ सैल केली, जराशी.
दोर कण्हला.
घंटा वीतभर उतरली.
पुन्हा जराशी. पुन्हा वीतभर.
सबंध गावाचा रविवार माझ्या दोन बोटांतून सरकत होता
आणि मला हसू येत होतं.

हसू आलं तिथेच चुकलं.
दोर जास्त ढिला पडला,
वरचा वेढा खालच्याच्या पाठीवर चढला
आणि करकचून बसला.
मी टोक पूर्ण सोडलं तरी घंटा हलेना.
मनोऱ्याच्या मध्यावर, खिडक्या नसलेल्या भिंतीशी,
हळूहळू स्वतःभोवती फिरत राहिली.
खाली सगळे गप्प.
ओरडलं कोणीच नाही, तेच वाईट.

हेल्दुरनं हात माझ्या खांद्यावर ठेवला.
त्याच्या तळव्याला रेषा नव्हत्या.
तरुणपणी लाकडाच्या जहाजावर
वेढा न घेता एक ओंडका त्यानं नुसत्या हातांनी धरून पाहिला होता.
खाली कोणीतरी उभं होतं.
धरला?
थोडा वेळ, तो म्हणाला.
पुढचं मी विचारलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही.

मग त्यांनी ताणलेल्या दोरावर दुसऱ्या दोराची गाठ मारली,
सहा माणसं त्याला लोंबकळली,
लोहार युल्लार, मासेवाले दोघे भाऊ, खुद्द पाद्रीबुवासुद्धा,
माना लाल, टाचा मातीत रुतलेल्या.
सहा जणांना घाम फोडणारं ते ओझं
मघाशी मी दोन बोटांवर खेळवत होते.
तेवढ्यात हेल्दुरनं वेढे सोडवले, शेजारी शेजारी नीट बसवले,
टोक परत माझ्याच हातात दिलं.
माझ्याच.

घंटा गवतावर टेकली तेव्हा वाजली नाही,
नुसती खोकली.
लोक तिच्याभोवती जमले, तडा चाचपू लागले.
मी खांबापाशी राहिले.
दोर एका जागी करपला होता, पीळ तसाच.
ओकवर तीन तपकिरी पट्टे,
जळक्या लाकडाचा वास.
हात लावला तर खांब गरम,
भाकरीच्या भट्टीची बाहेरची भिंत असते तसा.

म्हणजे ती सगळी उंची इथे आली होती.
मनोऱ्यावरून घंटा जेवढी म्हणून पडली असती
तेवढं पडणं या लाकडानं
कातडीवर घासून घेतलं होतं,
वीत वीत करून.

मी गाल टेकवला.
मागून हेल्दुर म्हणाला,
चल पोरी, मोजे वर ओढ.